नील पीअर्टच्या जागी आनिका निलेस: रशने हे करावं का?

कॅसेटवाला (धागाकर्ता)

बातमी बहुतेकांनी वाचली असेल. ६ ऑक्टोबर २०२५ ला गेडी ली आणि ॲलेक्स लाइफसन यांनी जाहीर केलं की जून २०२६ मध्ये रश पुन्हा दौऱ्यावर निघतोय. दौऱ्याचं नाव 'फिफ्टी समथिंग'. सुरुवात लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये. १ ऑगस्ट २०१५ ला हे दोघं आणि नील शेवटचं एकत्र वाजले तेही तिथेच. पुढे मेक्सिको सिटी, फोर्ट वर्थ, शिकागो, न्यूयॉर्क, टोरंटो, क्लीव्हलँड. ड्रम्सवर जर्मनीची आनिका निलेस.

ज्यांनी रश ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅनडातला तिघांचा रॉक बँड. गेडी बास वाजवतो, गातो, आणि त्याच वेळी पायाने सिंथेसायझरही सांभाळतो. ॲलेक्स गिटारवर. नील पीअर्ट ड्रम्सवर, आणि गाण्यांचे शब्दही जवळपास सगळे त्याचेच. १९७४ ते २०१५ या काळात माणसं बदलली नाहीत. ७ जानेवारी २०२० ला नील मेंदूच्या कर्करोगाने गेला. साडेतीन वर्षं आजारी होता आणि जवळच्या मोजक्या लोकांखेरीज कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून आम्ही चाहत्यांनी धरूनच ठेवलं होतं की रश संपला. ते दोघंही वर्षानुवर्षं तसंच बोलत होते.

बाहेर सगळीकडे वाद एकाच गोष्टीवर चाललाय, की तिला नीलसारखं जमेल का. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. नीलच्या वाजवण्यातलं काय दुसऱ्याच्या हातात देता येतं आणि काय त्याच्याबरोबर गेलं?

माझं मत सांगतो. नीलचे ड्रम्स ही रचना होती. 'टॉम सॉयर' या गाण्यातला प्रत्येक फिल (ओळींमधली जागा भरणारा ठोक्यांचा तुकडा) त्याने विचार करून बसवलेला, आणि बसवला की रात्रीमागून रात्र तो तसाच वाजवायचा. रशच्या कार्यक्रमांची चित्रफीत बघा. हजारो माणसं हवेत हात फिरवून तेच फिल, त्याच जागी, त्याच क्रमाने 'वाजवत' असतात. रॉकमध्ये लोक गाणी पाठ करतात. इथे लोकांनी ड्रम्स पाठ केलेत. जी गोष्ट इतकी पक्की बांधलेली आहे ती दुसरा कलाकार वाजवू शकतो, नव्हे, ती वाजवली गेलीच पाहिजे. 'द हू'चा कीथ मून किंवा लेड झेपलिनचा जॉन बॉनम या ड्रमरांच्या बाबतीत मी हे म्हणणार नाही.

शब्द मात्र गेले. नवीन गाणी करायची ठरली तर ती जागा कोण भरणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि त्यांनी तशी घोषणाही केलेली नाही. या दौऱ्यापुरतं बोलायचं तर मी मनापासून बाजूने आहे. तुमचं मत सांगा. नुसतं 'हो' किंवा 'नाही' नको, कारण लिहा.

धोबीतलाव

धागा काढलात बरं झालं. मी विरोधात आहे.

माझी पिढी मुंबईच्या रंगभवनात उभी राहून रॉक ऐकत मोठी झाली. आमच्यासाठी यातला दंडक लेड झेपलिनने घालून दिला. बॉनम २५ सप्टेंबर १९८० ला गेला. ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी एक छोटं निवेदन काढलं, की मित्र गेला, आता होतो तसं पुढे चालू ठेवता येणार नाही. संपलं. तेव्हा जगातला कुठलाही ड्रमर त्यांच्या दारात आला असता. पैसा किती मिळाला असता त्याचा हिशेबच नाही.

१९८५ मध्ये लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीला एकत्र आले तेव्हा फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्पसन असे दोन ड्रमर घेऊन बसले. दोघंही मोठे वादक, पण त्या दिवशी गाणं जागेवर आलंच नाही. पुढे लाइव्ह एडची डीव्हीडी निघाली तेव्हा त्यांनी स्वतःचा भाग त्यात घालू दिला नाही. दोन उत्तम ड्रमर मिळूनही एका बॉनमची जागा भरत नाही, याहून मोठा पुरावा कुठला हवा?

दोघांनी ली-लाइफसन नावाने यावं, हवी ती गाणी वाजवावीत, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. 'रश' हे नाव तिघांचं होतं.

डग्गा_पुणे

मी ड्रम्स शिकवतो, त्यामुळे माझं बोलणं थोडं हाताच्या अंगाने होईल.

धागाकर्त्यांनी 'रचना' म्हटलंय ते अगदी बरोबर. माझ्याकडे मुलं येतात, त्यांना सहाएक महिन्यांत 'टॉम सॉयर' हवा असतो. मी आधी फक्त हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, वाजवायला लावतो. उजव्या हाताने, एकाच हाताने, सोळांशाचे ठोके, म्हणजे मात्रेला चार. गाण्याची लय मिनिटाला ८८ च्या आसपास, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा ठोके एका हाताने, आणि तेही न थांबता. दोन हातांनी वाटून घेतलं तर सोपं जातं, पण मग स्नेअरचा (समोरच्या करकरीत ड्रमचा) हात मोकळा राहत नाही आणि त्या चालीतली ओढ जाते. दुसरं कडवं यायच्या आत मुलांचा दंड भरून येतो. मग मधला भाग सात मात्रांत जातो, तिथे पाय चुकतात. आणि हे सगळं सांभाळून पुन्हा चारात परतलात की टॉम्सवरचे, म्हणजे घुमणाऱ्या ड्रम्सवरचे, ते फिल. प्रत्येक फिल वेगळा. एकही 'भरायचं म्हणून भरलेला' नाही.

हे शिकवता येतं. लिहून देता येतं. जगभरची मुलं ते रोज वाजवतात, त्यातली काही नेमकं वाजवतात.

मग अडतं कुठे? तीन तास. त्याच तयारीने, संध्याकाळ संपेपर्यंत. आणि दोन माणसांशी जुळवून घेत, ज्यांची कानाची सवय चाळीस वर्षं एकाच ड्रमरवर बसली आहे. गेडी बासवर जे वाजवतो त्यातला अर्धा भाग नीलच्या बास ड्रमला दिलेलं उत्तर असतो. नवीन माणसाने तोच फिल केसाइतका पुढे किंवा मागे टाकला तरी गेडीचं बोट अडखळणार. तालमी लागतात त्या यासाठी. नुसते ठोके बसवायला आठवडा पुरतो.

धोबीतलावकाका, झेपलिनचं उदाहरण मला इथे लागू वाटत नाही. बॉनमच्या ठोक्यांचा कागद करून दिला तर त्यावर फारच थोडं दिसतं. त्याचं वजन, तो ठोका किंचित मागे रेलणं, ते कागदावर येत नाही. नीलचं बरंच काही कागदावर येतं.

रूपक_सात

मी तबला शिकले आहे, ड्रम्स नाही. माझ्या भावामुळे रश कानावर पडला आणि 'वाय वाय झेड' ऐकून मी अक्षरशः मात्रा मोजायला बसले होते.

त्या गाण्याची सुरुवात म्हणजे टोरंटो विमानतळाची खूण, मोर्स कोडमध्ये. विमानतळाला जी तीन अक्षरं आहेत ती क्रोटेल्सवर, म्हणजे छोट्या धातूच्या चकत्यांवर वाजतात आणि बाकी दोघं तोच ताल धरतात. मोर्समधल्या लांब ठोक्याला दोन आणि आखूड ठोक्याला एक असं धरा. पहिलं अक्षर लांब-आखूड-लांब-लांब, झाले सात. दुसरं अक्षर तेच, पुन्हा सात. तिसरं लांब-लांब-आखूड-आखूड, सहा. सात, सात, सहा. एकूण वीस. मात्रेला दोन धरले तर आवर्तन दहा मात्रांचं, तरी झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीन या चालीने हात टाकायला गेलात तर फसता. सम गाठायची तर ती तीन अक्षरं मनात म्हणावी लागतात.

आता मुद्दा. आमच्याकडे गुरूचा कायदा, म्हणजे बांधलेली बोलांची रचना, शिष्य वाजवतो तेव्हा कुणी म्हणत नाही की गुरूची जागा घेतली. कायदा तोच, पलटे (त्याच बोलांची उलटापालट) त्याचे स्वतःचे. त्यामुळे नीलचे बोल दुसऱ्या कुणी वाजवण्यात मला काहीच खटकत नाही. वाजवायलाच हवेत, नाहीतर ते फक्त ध्वनिमुद्रणात राहतील. स्वतंत्र वादनाची गोष्ट वेगळी. नीलचा ड्रम सोलो तिने जसाच्या तसा उचलला तर मला वाईट वाटेल. तिथे तिने स्वतःचंच वाजवावं.

मिसिसागाकर

इथे टोरंटोजवळ बातमी आल्यापासून ऑफिसात दुसरा विषय नाही. रश म्हणजे इथल्या लोकांचा जिव्हाळ्याचा भाग. नील जिथे वाढला ते पोर्ट डलहौसी इथून गाडीने फार लांब नाही. तिथल्या लेकसाइड पार्कमधल्या मंडपाला आता त्याचं नाव दिलंय. उन्हाळ्यात तळ्याकाठी गेलो की कुणी ना कुणी तिथे ड्रमच्या काड्या ठेवून गेलेलं दिसतं.

एक गोष्ट या चर्चेत अजून आली नाही. नील स्वतः बदली ड्रमर होता!

रशचा पहिला ड्रमर जॉन रट्सी. पहिला अल्बम त्याचा. 'वर्किंग मॅन' हे गाणं क्लीव्हलँडच्या एका रेडिओ स्टेशनने उचललं आणि अमेरिकेचं दार उघडलं, त्यावर ड्रम्स रट्सीचे. तब्येत आणि आवडीनिवडी जुळेनात म्हणून तो १९७४ च्या उन्हाळ्यात बाहेर पडला. दौरा तोंडावर. तेव्हा वडिलांच्या शेतीअवजारांच्या दुकानात काम करणारा, लंडनला नशीब काढायला जाऊन हात हलवत परतलेला एक उंच पोरगा ऑडिशनला आला. २९ जुलैला त्याला घेतलं, त्या दिवशी गेडीचा एकविसावा वाढदिवस होता. १४ ऑगस्टला पिट्सबर्गमध्ये अकरा हजार माणसांसमोर पहिला कार्यक्रम. मध्ये सोळा दिवस.

रट्सीच्या चाहत्यांना तेव्हा काय वाटलं असेल? आज आपण ज्याला 'रश' म्हणतो तो त्या बदलीतून उभा राहिला. नावावर हक्क कुणाचा हे ठरवताना हेही धरायला हवं.

धोबीतलाव

मिसिसागाकर, माहिती चोख आहे, पण तुलना मला मान्य नाही. रट्सी गेला तेव्हा बँड जेमतेम एका अल्बमचा होता. तेव्हा बदलायला काही घडलेलंच नव्हतं.

मी नावासाठी हट्ट धरतो त्याचं कारण १९९७ आहे. ऑगस्टमध्ये नीलची एकोणीस वर्षांची मुलगी मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांनी, जून १९९८ मध्ये, बायको कर्करोगाने गेली. नीलने गेडी आणि ॲलेक्सला सांगितलं होतं की मला निवृत्त झालोय असं समजा, आणि तो मोटारसायकल घेऊन निघून गेला. अलास्कापासून मेक्सिको, बेलीझपर्यंत, ८८ हजार किलोमीटर. काड्यांना हात नाही.

त्या काळात गेडी आणि ॲलेक्सने काय केलं? कुणाचीही ऑडिशन घेतली नाही. त्याच्यावर दबाव आणला नाही. थांबले. तो परत येईल याची कुणालाच खात्री नव्हती. २००१ मध्ये तो परत स्टुडिओत बसला आणि २००२ मध्ये 'व्हेपर ट्रेल्स' हा अल्बम आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिओच्या माराकाना स्टेडियमवर चाळीस हजार माणसं 'वाय वाय झेड' गात होती, ज्या गाण्याला शब्दच नाहीत! मी ती डीव्हीडी कितीदा बघितली असेल.

या दोन मित्रांनी तेव्हा जे केलं त्याने माझ्या मनात त्यांची जागा कायमची ठरली. म्हणूनच आज 'रश' या नावाखाली तिसरं माणूस बघताना मला त्रास होतो. निलेसबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

कॅसेटवाला

धोबीतलावकाका, तुमचा त्रास समजतो. मीही रशचा 'मूव्हिंग पिक्चर्स' अल्बम काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेल्या कॅसेटवर टेप चिकटेपर्यंत ऐकलाय. पण ते थांबले ते नील जिवंत होता म्हणून, आणि तो दुःखात होता म्हणून. परत यायचं की नाही हे त्याने ठरवायचं होतं. आता ठरवायला तो नाही. जे आहेत त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. गाणी दोघांचीही आहेत, संगीत तर त्या दोघांनीच बांधलं. आणखी दहा वर्षं थांबून काय होणार?

आणि नीलच्या पत्नीने व मुलीने या दौऱ्याला जाहीर पाठिंबा दिलाय. घरच्यांनी हो म्हटल्यावर आपण नाही म्हणणारे कोण?

जागा भरताना घोळ होतो तो माणूस चुकीचा निवडल्याने, या मुद्द्यावर 'द हू'चं उदाहरण बघा. मून सप्टेंबर १९७८ मध्ये गेला. त्यांनी केनी जोन्सला घेतलं. स्मॉल फेसेस, फेसेसमधला कसलेला ड्रमर, लयीला पक्का, आणि माणूस म्हणून सगळ्यांना आवडणारा. मून लय धरतच नसे. तो गाणाऱ्याच्या ओळीमागे धावायचा, टॉम्स आणि झांजा सगळीकडून कोसळायच्या, लय बऱ्याचदा एंटविसलचा बास आणि टाउनशेंडची गिटार सांभाळायची. म्हणजे त्या बँडची सगळी घडणच उलटी होती. तिथे एक शिस्तीचा ड्रमर आणून बसवल्यावर बाकीच्यांना आपापलं काम नव्याने शिकावं लागलं. गायक डॉल्ट्री तर उघडपणे म्हणायचा की हा आमच्यासाठी योग्य ड्रमर नाही. जोन्सचा त्यात काय दोष?

१९९६ मध्ये झॅक स्टार्की आला आणि पुन्हा ते गाणं उसळायला लागलं. बीटल्सच्या रिंगोचा मुलगा, पण लहानपणी त्याला मूनचं वेड, मूनने त्याला ड्रम सेट दिला होता. त्याने मूनची नक्कल केली नाही. मूनची बेफिकिरी त्याला आतून कळत होती. तोही जवळपास तीन दशकं वाजवून २०२५ मध्ये बाहेर पडला, आणि ते प्रकरण ज्या तऱ्हेने झालं त्याचं मला अजून दुःख आहे.

चर्चगेट_फास्ट

या धाग्यावर रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स याचं नाव अजून कसं आलं नाही?

एप्रिल २००३, ब्रेबॉर्न स्टेडियम. रोलिंग स्टोन्स मुंबईत. मी तिथे होतो. सगळ्यांचे डोळे गायक जॅगरवर, मी मात्र पूर्ण वेळ मागे बघत होतो. एवढ्या मोठ्या मंचावर चार्लीचा सेट छोटासा, जुन्या जॅझवाल्यांसारखा. आणि त्याचा उजवा हात. बाकी ड्रमर स्नेअरवर ठोका देताना हाय-हॅटवरही वाजवतच असतात. चार्ली त्या क्षणी उजवा हात उचलून घ्यायचा. स्नेअर एकटाच वाजायचा. पुढच्या ठोक्याला हात परत हाय-हॅटवर. दर वेळी. दोन तास. ती इवलीशी मोकळी जागा म्हणजे स्टोन्सची चाल.

चार्ली २४ ऑगस्ट २०२१ ला गेला. त्याआधी काहीच दिवस त्याने सांगितलं होतं की या दौऱ्याला मी येऊ शकणार नाही, स्टीव्ह जॉर्डनला घ्या. जॉर्डन स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सबरोबर ऐंशीच्या दशकापासून वाजवत होता. सप्टेंबरअखेर सेंट लुइसमध्ये दौरा सुरू झाला. मंचावर मागच्या पडद्यावर आधी चार्लीचे फोटो, आणि मग गाणं.

जॉर्डन चार्लीसारखा वाजवत नाही. त्याचा ठोका जड आहे, खोल आहे. काही गाणी त्यामुळे जास्त चांगली लागतात, काहींमधला तो हलकेपणा गेला. मला दोन्ही जाणवतं. पण ज्याची जागा, त्याने स्वतः नाव सुचवलं होतं. त्यामुळे मला कधी परकं वाटलं नाही. नीलला तशी संधी मिळाली नाही, एवढाच माझ्या मनातला सल.

मिसिसागाकर

चर्चगेट_फास्ट, तुमचं ते उचललेल्या हाताचं वर्णन वाचून लगेच जुने कार्यक्रम काढून बघितले. अगदी तसंच आहे. आभार.

डग्गा_पुणे

धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्यात एक भर घालायची आहे, कारण 'नील नेहमी तेच वाजवायचा' हे अर्धच खरं आहे.

१९९४ मध्ये तो जॅझ ड्रमर बडी रिचच्या स्मरणार्थ एक अल्बम करत होता. तेव्हा वेगवेगळ्या ड्रमरांना समोर वाजवताना बघून त्याला वाटलं की आपलं वाजवणं ताठ झालंय. वय ४२. जगातला सगळ्यात नावाजलेला रॉक ड्रमर. तो न्यूयॉर्कच्या जॅझ परंपरेतल्या फ्रेडी ग्रुबर नावाच्या म्हाताऱ्या शिक्षकाकडे गेला आणि काडी धरण्यापासून पुन्हा शिकला. ग्रुबर त्याला ठोक्यावर लक्ष द्यायला लावत नसे, दोन ठोक्यांच्या मधल्या हवेतल्या हालचालीवर द्यायला लावत असे. नीलने डाव्या हाताची पकड बदलली, बसायची उंची बदलली. त्यानंतरचा 'टेस्ट फॉर एको' अल्बम ऐका, तेच हात नाहीत.

पुढे २०१२ च्या 'क्लॉकवर्क एंजल्स'ला तर त्याने ठरवलं की आधी बसवून यायचंच नाही. निर्माता निक रॅस्कुलिनेझ समोर हातात काडी घेऊन उभा राहायचा आणि नीलला इशारे करायचा, नील तिथल्या तिथे वाजवायचा. साठीला आलेला माणूस, सगळी रचना सोडून मोकळा होऊ बघत होता.

म्हणून निलेसने सत्तर-ऐंशीच्या दशकातली गाणी शब्दशः वाजवावीत हे मला पटतं. पण नंतरच्या गाण्यांत तिने थोडं मोकळं सुटावं. नील स्वतः त्याच वाटेने चालला होता.

काडीपेटी

मी या संस्थळावर नवीन आहे, पहिलाच प्रतिसाद. नाशिकला राहते, ड्रम्स वाजवते. इतके प्रतिसाद झाले पण तिच्याबद्दल फारच कमी बोललं गेलं, म्हणून लिहिते.

आनिका निलेस १९८३ ची. जर्मनीतल्या आशाफेनबुर्गची. घरात ड्रम्स होते, लहानपणापासून वाजवायची. पण आधी लहान मुलांना शिकवण्या-सांभाळण्याच्या क्षेत्रात नोकरी केली आणि नंतर नोकरी सोडून मानहाइमच्या पॉपअकादमीत शिकायला गेली. मग स्वतःच्या रचनांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले आणि जगभरच्या ड्रमर मंडळींना ती कळली. मलाही तशीच कळली.

तिची खूण म्हणजे एका मात्रेत पाच. आपण साधारणपणे मात्रेचे चार करतो किंवा तीन. ती पाच करते आणि त्या पाचांतून अशी चाल काढते की मान आपोआप डोलायला लागते, हिशेब कळतच नाही. रूपक_सात ताई, तुम्ही ऐकाच, तुम्हाला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळेल. माझ्या सरावाच्या पॅडवर ते पाच बसवताना पहिले कितीतरी दिवस पाचवा ठोका पुढच्या मात्रेत सांडायचा. हळू लयीत, तोंडाने म्हणत म्हणत बसवला तेव्हा कुठे जागेवर आला.

२०२२ मध्ये गिटारवादक जेफ बेकने तिला दौऱ्यावर घेतलं. बेकच्या मागे आधी विनी कोलाय्युटासारखा ड्रमर बसत होता! त्याची गाणी, त्याची जागा, आणि समोर जेफ बेक, जो एकच गाणं दोनदा सारखं वाजवत नसे. जिथे रोज काहीतरी नवीन ऐकून उत्तर द्यावं लागतं तिथे ती उभी राहिली. ही बाजू तिच्याकडे आहे. नीलची बांधणी ती घोकून बसवेलच, ते कष्टाचं काम आहे आणि कष्टाला ती मागे हटणारी दिसत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगते. बाई आहे म्हणून ताकद पुरेल का, असं बाहेर बरेच जण लिहितायत. इथे कुणी लिहिलं नाही, बरं वाटलं. डग्गासरांनी सांगितलेला तो हाय-हॅट दंडाच्या जोराने वाजतच नाही. जोर लावलात तर अर्ध्या मिनिटात हात बंद पडतो. काडीला उसळू द्यायचं, बोटांनी फक्त झेलायचं. मनगट सैल नसेल तर पैलवानालाही जमणार नाही.

रूपक_सात

काडीपेटी, स्वागत. आज रात्रीच ऐकते. पाचाचं तोंडाने म्हणून बसवणं आमच्याकडचंच झालं, हाताआधी बोल पक्का व्हावा लागतो. तुझा सराव कसा चाललाय त्यावर वेगळा धागा काढ, मी नक्की वाचीन.

डग्गा_पुणे

काडीपेटीने मनगटाबद्दल लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा. माझ्या वर्गात तो हाय-हॅट सगळ्यात आधी एका बारीक अंगाच्या मुलीने बसवला होता.

धोबीतलाव

सगळं वाचलं. काडीपेटी, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. निलेस उत्तम वाजवणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हतीच, आता तर अजिबात नाही. नावाबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

फक्त मिसिसागाकरांच्या रट्सीच्या मुद्द्याला एक जोड देतो. २०१५ च्या त्या शेवटच्या दौऱ्यात त्यांनी कार्यक्रम उलटा लावला होता. नवीन गाण्यांपासून सुरुवात आणि मागे मागे जात पहिल्या अल्बमपर्यंत. त्यामुळे १ ऑगस्टला फोरममध्ये नीलने रशबरोबर वाजवलेलं शेवटचं गाणं होतं 'वर्किंग मॅन'. रट्सीचं गाणं. ते संपल्यावर नील ड्रम्सच्या मागून उठून पुढे आला आणि दोघांच्या गळ्यात हात टाकले. एकेचाळीस वर्षांत कार्यक्रम संपल्यावर तो कधी पुढे येत नसे, त्याची जागा मागे, हे त्याचं ठरलेलं.

निलेस 'वर्किंग मॅन' वाजवेल तेव्हा कुणाचे ड्रम्स वाजवेल? रट्सीचे, की नीलने चार दशकांत त्याचं जे केलं ते? कुणाला काय वाटतं?

कॅसेटवाला

काका, नीलचे. 'ऑल द वर्ल्ड्स अ स्टेज'वरचा १९७६ चा 'वर्किंग मॅन' आणि मूळचा, लागोपाठ ऐका. रट्सीचा ठोका सरळ, दणकट, बारमध्ये शोभेल असा. नीलने त्याच गाण्याच्या मधल्या भागात ड्रम्सना बोलायला लावलं. बँडमध्ये आल्यावर जुन्या गाण्याचं काय करायचं हे त्याने स्वतःच करून दाखवलंय. चाल सोडली नाही, आणि रट्सीची नक्कलही केली नाही.

सोलोबद्दल मी रूपक_सात यांच्या बाजूने. ती जागा पूर्ण तिला द्यावी. त्यात ते पाच ऐकायला मिळाले तर फोरममधल्या लोकांना काहीतरी नवीन घरी नेता येईल.

मिसिसागाकर

टोरंटोच्या तिकिटांसाठी रांगेत नाव लावलंय. मागणी इतकी आहे की त्यांनी आणखी कार्यक्रम जोडलेत. मिळालं तर सोलो आणि 'वर्किंग मॅन' या दोन्हींबद्दल इथेच, याच धाग्यावर लिहीन. काडीपेटी, तुला तिच्या सेटबद्दल काही नेमकं बघून हवं असेल तर सांगून ठेव, दुर्बीण घेऊन जाणार आहे.

काडीपेटी

हो, एक बघाच. 'टॉम सॉयर'ला ती हाय-हॅट एका हाताने वाजवते की दोन्ही हातांनी.